न वाजवता गिटार मागवताना

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला माणूस दुकानात शिरल्या शिरल्या पैशांचं बोलत नाही. आधी भोपळा बघतो, टिचकी मारतो, खाली बसून तारा छेडतो. जवारी खुली वाटली नाही तर कारागिराला तिथल्या तिथे दोरा सरकवायला लावतो. मग चहा येतो, आणि चहानंतर किंमत. आपण मात्र रात्री साडेअकराला कोथरूडच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसतो आणि सहा हजार किलोमीटरवरच्या, आयुष्यात कधी न भेटलेल्या माणसाला गिटार बनवायला दीड लाख रुपये आगाऊ पाठवून मोकळे होतो.

मी हे दोनदा केलंय. पहिल्यांदा सपशेल चुकलो, दुसऱ्यांदा जमलं. दोन्ही वेळा कारागीर चांगलेच होते. फरक इतकाच की पहिल्यांदा मी आवाजाबद्दल पानभर लिहिलं आणि मापांबद्दल दोन ओळी, आणि दुसऱ्यांदा नेमकं उलट केलं. खालचं सगळं त्या उलट करण्याबद्दल आहे.

खरंच कस्टम, म्हणजे आपल्या मापाने बनवून घेतलेली, हवी आहे का?

कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. तुम्ही डावखुरे आहात आणि दुकानात तुमच्यासाठी भिंतीवर एकच गिटार लटकलेली असते, हे कारण. सात किंवा आठ तारा हव्यात, हे कारण. बोटं आखूड आहेत, खांदा दुखतो म्हणून वजन कमी हवं, हेही कारण. मींड आणि गमक नीट निघावी म्हणून दोन फ्रेटमधलं (धातूच्या दोन पडद्यांमधलं) लाकूड खोलगट कोरून हवं असेल तर ते फारच चांगलं कारण. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी आपल्या ‘शक्ती’ या बँडसाठी सत्तरच्या दशकात गिब्सन या गिटार कंपनीत एब वेक्टर या कारागिराकडून अशीच गिटार बनवून घेतली होती. फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पट्टी, कोरलेला आणि मुख्य तारांखालून तिरक्या जाणाऱ्या सात तारा, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या. ती वस्तू कुठल्याच दुकानात मिळणार नव्हती.

‘दिसायला भारी पाहिजे’ हेसुद्धा कारण आहे, मी नाक मुरडणार नाही. पण मग आपण रंगाचे पैसे देतोय हे स्वतःशी कबूल करा.

आयुष्यातली पहिलीच गिटार असेल तर मात्र थांबा. दोन-तीन वर्षं रोज हातात घेतल्याशिवाय आपल्या हाताला काय खुपतं ते कळत नाही, आणि जे कळलेलं नाही ते कारागिराला सांगणार काय?

पायरी पहिली: गिटार नाही, हात मोजा

माझ्या पहिल्या ऑर्डरमध्ये नेकबद्दल, म्हणजे गिटारच्या मानेबद्दल, मी लिहिलं होतं, ‘नेक बारीक हवी, पण फार बारीक नको.’ चौदा महिन्यांनी गिटार आली. पहिल्या फ्रेटपाशी नेकची जाडी साडेअठरा मिलिमीटर. त्या माणसाच्या हिशेबात ती बारीक होती, पण फार बारीक नव्हती. माझ्या हिशेबात ती फूटपट्टी होती. बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) धरून दहा मिनिटं झाली की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. नेक बदलता येत नाही, कारण ती बॉडीत चिकटवलेली होती. शेवटी हिंजवडीतल्या एका मुलाला ती तोट्यात विकली. त्याला ती लोण्यासारखी वाटते. वाटू दे.

दुसऱ्या वेळी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये काम करणारा मित्र मदतीला आला. त्याला मी म्हटलं, ‘अरे, मला ती मधल्या जाडीची, जरा भरीव अशी नेक…’ त्याने मला तिथेच थांबवलं. ‘भरीव म्हणजे किती? मिलिमीटरमध्ये बोल.’ आणि बॅगेतून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची जबड्याची पट्टी, काढला.

तर तुम्हीही हेच करा. ज्या गिटारवर तुमचा हात मोकळा चालतो अशा दोन-तीन गिटार शोधा. मित्राची, क्लासच्या सरांची, कॅम्पात किंवा लक्ष्मी रोडच्या आसपासच्या दुकानात वाजवून बघितलेली, कुठलीही चालेल. मित्र तारा बदलणार असेल त्याच दिवशी त्याच्या घरी जा. तारा काढलेल्या असल्या की व्हर्नियरचा जबडा फिंगरबोर्डवर सपाट बसतो. जबड्याला सेलोटेप लावा, नाहीतर पॉलिशवर ओरखडा उठेल आणि मैत्रीवरही. जाडी दोन ठिकाणी मोजायची: पहिल्या आणि बाराव्या फ्रेटजवळ. फ्रेटच्या तारेवर नाही, दोन फ्रेटच्या मधल्या लाकडावर. माझ्या आवडत्या गिटारची मापं निघाली २१ आणि २२.८. दीड वर्ष मी जिला ‘मधली, भरीव’ म्हणत होतो ती एवढीच होती.

नेकचा आकार जाडीत पकडता येत नाही. त्यासाठी मऊ तारेचा तुकडा नेकच्या पाठीवरून दाबून वळवा, कागदावर ठेवून आतून पेन्सिल फिरवा आणि शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. ‘सी’ आकार, ‘व्ही’ आकार ही नावं प्रत्येक कारागिराच्या डोक्यात वेगळी असतात. रेघ सगळ्यांना सारखीच दिसते.

मग नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी, रुंदी. इलेक्ट्रिकमध्ये ती साधारण ४२ ते ४३ मिलिमीटर असते, स्टीलच्या तारांच्या ॲकूस्टिकमध्ये ४३ ते ४४.५, क्लासिकलमध्ये ५२. एका मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल. दुकानात ४२ आणि ४४.५ अशा दोन गिटारवर एकापाठोपाठ उघडा ‘डी’ कॉर्ड धरून बघा, मग बोला.

स्केल म्हणजे नट ते ब्रिज (बॉडीवरची घोडी) वाजणाऱ्या तारेची लांबी. फेंडरची प्रचलित स्केल २५.५ इंच म्हणजे ६४८ मिलिमीटर, गिब्सनची २४.७५ च्या आसपास, पीआरएसची २५. स्केल आखूड असली की त्याच जाडीची तार त्याच सुरात जरा सैल लागते, खेचायला हलकी जाते आणि फ्रेट एकमेकांच्या जवळ येतात. मींड खेचणाऱ्या माणसाला हे आवडतं. सूर खाली उतरवून जड वाजवणाऱ्याला नाही, त्याची तार लोंबते.

फिंगरबोर्डचा बाक, ज्याला रेडियस म्हणतात, तो मोजायला आमच्या घरी पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका कामी आल्या. दोऱ्याला पेन्सिल बांधून ७.२५, ९.५, १२ आणि १६ इंचांचे चाप आखा, कापा आणि फिंगरबोर्डवर उभे धरा. ज्या पत्रिकेखालून उजेड दिसत नाही तो तुमचा रेडियस. जुन्या घडणीच्या फेंडरना ७.२५ असतो, गिब्सनना १२. आकडा जितका मोठा तितका बोर्ड सपाट, आणि तारा खाली घेऊनही खेचताना सूर मध्येच अडत नाही.

वजनासाठी प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा पुरे. साडेतीन किलोची गिटार आणि साडेचार किलोची गिटार यांतला फरक गणपतीतल्या तीन तासांच्या कार्यक्रमानंतर खांद्याला विचारा.

पायरी दुसरी: काय बदलता येतं ते वेगळं काढा

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे पुण्यात नंतर बदलून मिळतं ते: पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक), पॉट (नॉबखालचा भाग), नट, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), तारांची जाडी, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची). उजवीकडे जे बदलत नाही ते: नेकची जाडी आणि आकार, स्केल, फ्रेटची संख्या, बॉडीचा आकार आणि वजन, नेक कशी जोडली आहे ते. आता बघा, आपण चर्चा कुठल्या बाजूची करत असतो. ऐंशी टक्के डावीकडची. अमुक पिकअप गोड की तमुक, यावर रात्री जातात. अहो, पिकअप सोल्डरिंग येणारा माणूस तासाभरात बदलून देतो.

फ्रेटच्या तारा मधेच कुठेतरी येतात. बदलता येतात, पण काम मोठं आणि चांगला हात शोधावा लागतो. म्हणून पुण्यात राहणाऱ्याने, विशेषतः ज्याच्या हाताला घाम सुटतो त्याने, स्टेनलेस स्टीलचे फ्रेट मागावेत. थोडे महाग पडतात. पण पावसाळ्यात नेहमीचे निकेल सिल्व्हरचे फ्रेट काळवंडतात आणि वर्षानुवर्षं वाजवून झिजतात, हे तसे होत नाहीत.

आवाजाचं काय? आवाजाबद्दल एकच ओळ लिहा आणि शक्यतो कारागिराच्याच आधीच्या गिटारचा दाखला द्या: ‘तुमच्या अमुक गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये नेक पिकअपचा जो आवाज आहे त्याच्या जवळचं.’ ‘उबदार’, ‘मोकळा’, ‘लाकडी’ हे शब्द लिहू नका. मी पहिल्यांदा पानभर लिहिले होते. उत्तर आलं: ‘येस, नो प्रॉब्लेम.’

पायरी तिसरी: कारागीर

परदेशात तीन तऱ्हा आहेत. मोठ्या कंपन्यांचे कस्टम विभाग, जसा १९८७ मध्ये सुरू झालेला फेंडर कस्टम शॉप. इथे बहुतेक व्यवहार डीलरमार्फत होतो. मधल्या आकाराचे कारखाने, जे वेबसाइटवर पर्याय निवडायला देतात आणि थेट पाठवतात. आणि एकटा-दुकटा माणूस, ज्याच्याकडे वर्षाला मोजक्या गिटार होतात. तिसरी तऱ्हा सर्वात मोहात पाडते आणि सर्वात जास्त चौकशी मागते. एकटा माणूस आजारी पडतो, घर बदलतो, घटस्फोट घेतो, आणि तोपर्यंत तुमची आगाऊ रक्कम लाकडात गेलेली असते.

चौकशी अशी करा. त्याच्याकडून तीन-चार वर्षांपूर्वी गिटार घेतलेला माणूस शोधा. गेल्या महिन्यात घेतलेला नको, तो अजून प्रेमात असतो. त्याला तीन गोष्टी विचारा: ठरलेल्या तारखेपेक्षा किती उशीर झाला, काही बिघडलं तेव्हा कारागीर काय म्हणाला, आणि आज विकायची वेळ आली तर किती मिळतील. तिसऱ्याचं उत्तर ऐकून हिरमोड होईल. नाव फारसं नसलेल्या मेकरची कस्टम गिटार आपल्याकडे निम्म्या किमतीलाही पटकन जात नाही. घेणारा म्हणतो, ‘माप तुमच्या हाताचं आहे ना.’ बरोबरच आहे त्याचं.

कारागिराला स्वतःला एक प्रश्न जरूर विचारा: भारतात आधी पाठवली आहे का? कुठल्या कुरिअरने? याचं उत्तर जो नीट, दोन-चार वाक्यांत देतो तो पुढच्या पत्रांनाही नीट उत्तरं देतो, असा माझा अनुभव.

पायरी चौथी: लाकूड, आणि त्याचे कायदे

आपल्याकडच्या शिसवाला, म्हणजे इंडियन रोझवूडला, गिटारच्या जगात मोठा मान आहे. ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं तेव्हा मार्टिन या गिटार कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला आणि बाकीचे मागोमाग आले. म्हणजे इथून लाकूड जायचं, तिकडे गिटार व्हायचं आणि आपण ड्यूटी भरून ते परत आणायचं. असो.

धोक्यात आलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून त्याच्या पहिल्या, सर्वात कडक यादीत आहे. त्याची गिटार परमिटशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. जानेवारी २०१७ पासून रोझवूडच्या बाकी सगळ्याच जाती दुसऱ्या यादीत आल्या आणि मोठा गोंधळ उडाला. नोव्हेंबर २०१९ पासून त्यातल्या तयार वाद्यांना सूट मिळाली. ही सूट ब्राझिलियनला लागू नाही. तेव्हा पहिल्यांदा मागवणाऱ्याने ब्राझिलियन रोझवूड, हस्तिदंत, कासवाचं कवच आणि खऱ्या शिंपल्याची नक्षी या चारही गोष्टींना हात जोडावेत. बिलावर प्रत्येक लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून मागा. कस्टम्समध्ये, म्हणजे सीमाशुल्क विभागात, कुणी विचारलंच तर तोंडी ‘मेपल आहे हो’ सांगून भागत नाही.

पायरी पाचवी: कागद

मापं, लाकूड, पार्ट, रंग, किंमत, मुदत, खोक्याची पद्धत, सगळं एका पानावर आणि त्यावर कारागिराचं ‘मान्य’. प्रत्येक मापापुढे सूट लिहा: नेकची जाडी २१, अधिक-उणे ०.३. वजन ३.४ किलो, जास्तीत जास्त ३.६. भोसरीवाल्या मित्राने हे टॉलरन्सचं प्रकरण घालायला लावलं तेव्हा मला वाटलं कारागीर चिडेल. उलट त्याचं पत्र आलं की नेक घासताना आता मला नक्की कुठे थांबायचं ते कळलं.

दोन ओळी आणखी. एक, रंगकाम करण्याआधी नेकचे व्हर्नियर लावलेले फोटो पाठवायचे. त्या टप्प्यावर घासून कमी करता येतं, रंगानंतर नाही. दोन, माप या अधिक-उण्याच्या बाहेर गेलं तर काय: नवीन नेक, की पैसे परत, आणि परतीचं भाडं कुणाचं. कस्टम वस्तू परत घेत नाही, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ‘आवडली नाही’ म्हणून ते परत घेणार नाहीत, हे योग्यच. ‘मापात नाही’ ही वेगळी गोष्ट, आणि ती वेगळी आहे हे आधीच मान्य करून घ्यायचं.

पायरी सहावी: पैसे

युरोपातल्या कारागिराने सांगितलेली किंमत व्हॅटसकट (तिथल्या विक्रीकरासकट) आहे की व्हॅटशिवाय, हे सर्वात आधी विचारा. युरोपीय संघाबाहेर निर्यात होणाऱ्या मालावर तिथला व्हॅट लागत नाही. पोलंडमध्ये तो २३ टक्के आहे. म्हणजे वेबसाइटवर ३,६९० युरो दिसणारी गिटार तुम्हाला ३,००० ला पडली पाहिजे. नवख्याला कुणी आपणहून सांगत नाही.

आगाऊ रक्कम सहसा ३० ते ५० टक्के असते, उरलेली गिटार तयार झाल्यावर. पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला नमस्कार करावा. पेपालने द्यायची तर ‘मित्र आणि कुटुंबीय’ हा पर्याय कधीही निवडू नका, त्याला खरेदीदाराचं संरक्षण नाही. आणि संरक्षण असलं तरी तक्रार पैसे दिल्यापासून १८० दिवसांत करावी लागते. गिटार बनायला वर्ष लागणार असेल तर तुमच्या आगाऊ रकमेची मुदत लाकूड सुकायच्या आधीच संपते. म्हणून आगाऊ रक्कम लहान ठेवा आणि मोठा वाटा शेवटी.

क्रेडिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्या मार्कअपवर जीएसटी. बँकेतून थेट पाठवत असाल तर प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (आधीचं कच्चं बिल) बरोबर न्या, आणि मधल्या बँकांचे सगळे चार्जेस मीच भरीन हा पर्याय घ्या. नाहीतर तिकडे वीस-पंचवीस युरो कमी पोचतात आणि त्यावर तीन पत्रं होतात.

मग वाट बघा. सांगितलेल्या मुदतीला निम्मी आणखी जोडा. महिन्यातून एक पत्र पुरे. दर चार दिवसांनी ‘काय अपडेट’ विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची गिटार लवकर होत नाही, घाईत होते. मध्ये रंगाबद्दल मत बदलेल, बदलू देऊ नका.

पायरी सातवी: खोकं आणि कस्टम्स

गिटारचा सर्वात दुबळा भाग म्हणजे नेक जिथे हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला, मिळते ती जागा. महॉगनीची एकसंध नेक आणि मागे कललेला हेडस्टॉक असेल तर जास्तच. उभं खोकं नुसतं आडवं पडलं तरी तिथे तडा जाऊ शकतो. म्हणून हार्ड केस, केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली-वर-बाजूला भरणा, तारा एक-दोन सूर सैल, केस खोक्यात आणि ते खोकं दुसऱ्या खोक्यात. कारागिराकडून प्रत्येक टप्प्याचा फोटो मागा. विमा पूर्ण किमतीचा.

बिल खऱ्या किमतीचं. काही जण प्रेमाने विचारतात, ‘गिफ्ट लिहू का? किंमत कमी दाखवू?’ नको म्हणा. एकतर ते बेकायदा आहे, आणि गिटार मोडली तर विमा तेवढ्याच खोट्या किमतीचा मिळतो.

स्वतःच्या वापरासाठी मागवणाऱ्या व्यक्तीला आयात-निर्यात कोड लागत नाही. केवायसी लागते. बिलावरचं नाव आणि आधार-पॅनवरचं नाव एकच हवं. माझ्या बिलावर कारागिराने लाडाने घरगुती नाव टाकलं होतं, खोकं मुंबईत सहा दिवस पडून राहिलं आणि कुरिअरवाल्या बाई रोज तोच प्रश्न नव्याने विचारत राहिल्या.

ड्यूटीचे दर बजेटगणिक बदलतात, शिवाय वैयक्तिक आयातीच्या शीर्षकाखाली एक दर आणि वाद्यांच्या शीर्षकाखाली दुसरा असू शकतो. साधी तारवाद्यं ९२०२ मध्ये येतात, इलेक्ट्रिक गिटार ९२०७ मध्ये. गिटार निघायच्या आधी कुरिअर कंपनीला किंवा कस्टम्स ब्रोकरला विचारा, की माझा माल कुठल्या शीर्षकाखाली दाखवणार आणि आजचा दर काय. हिशेबाची रीत मात्र ठरलेली आहे. समजा गिटार, भाडं आणि विमा मिळून ३,२५,००० रुपये झाले. भाड्यावरही कर लागतो, हे बघून घ्या. मूळ सीमाशुल्क उदाहरणापुरतं १० टक्के धरलं तर ३२,५००. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, ३,२५०. आता या सगळ्या बेरजेवर, म्हणजे ३,६०,७५० वर, आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. तो १८ टक्के धरला तर ६४,९३५. एकूण भरायचे १,००,६८५. दहा आणि अठरा अठ्ठावीस असं तोंडी म्हणणारा माणूस इथे जवळजवळ दहा हजारांनी चुकतो. वर कुरिअरची स्वतःची फी आणि तिच्यावर जीएसटी. ही रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, खोकं दारात आणि पैसे नाहीत अशी वेळ वाईट.

बॉस्टनच्या मावसभावाबरोबर आणवू का, असं सगळेच विचारतात. आणवा, पण बॅगेजचे नियम आणि मर्यादा वेगळ्या असतात, त्या आधी वाचायला त्याला सांगा. विमानतळावर पावती दाखवून जी ड्यूटी होईल ती त्याने भरायची आणि तुम्ही त्याला द्यायची. (त्याच्याकडून अँप, म्हणजे अँप्लिफायर, मात्र मागवू नका. अमेरिकेतला अँप १२० व्होल्टचा असतो, आपल्या भिंतीत २३० आहेत.)

पायरी आठवी: आल्यावर

आलेलं खोकं चोवीस तास उघडू नका. हे कुणालाच जमत नाही, मला माहीत आहे. पण थंड मालवाहू विमानातून आलेल्या गिटारला पुण्यातल्या एप्रिलची हवा एकदम लागली तर पॉलिशला, विशेषतः नायट्रोसेल्युलोज लॅकरला, केसासारख्या बारीक भेगा पडतात.

उघडताना अखंड व्हिडिओ काढा, बाहेरच्या खोक्यावरच्या लेबलपासून. मग व्हर्नियर घ्या आणि मान्य केलेल्या कागदाशी एकेक माप ताडून बघा. वाजवायच्या आधी. एकदा वाजवायला लागलात की मापं राहिलीच. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवा, सगळे स्विच आणि नॉब फिरवा, हेडस्टॉकमागे टॉर्च मारून केसाएवढी रेघ दिसते का ते बघा. काही असेल तर त्याच दिवशी कळवा.

पहिल्या दिवशी गिटार नीट वाजणार नाही, धीर सोडू नका. सुरात लावून दोन-तीन दिवस ठेवा. लाकूड नव्या हवेत बसतं, नेकचा बाक बदलतो. मग सेटअप, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची बसवणं. नेक थोडी, म्हणजे ०.२ ते ०.२५ मिलिमीटर खोलगट, बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली दीड मिलिमीटर आणि जाड तारेखाली दोन, इथून सुरुवात करा. ट्रस रॉड (नेकमधली बाक सुधारणारी सळई) एका वेळी पाव वळसा, जास्त नाही. पुण्यात हे काम करणारी चांगली माणसं आहेत, थोडी आहेत. त्यांतल्या एकाला ऑर्डर देण्याआधीच भेटून या, स्वतःची जुनी गिटार सेटअपला देऊन त्याचा हात बघा. नवीन, महागड्या गिटारवर पहिली परीक्षा नको.

आणि हवा. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, बहुतेक कारागिरांच्या खोलीतही तेवढीच राखलेली असते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या वर आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी विशीच्या आसपास. पावसाळ्यात ॲकूस्टिकची वरची फळी फुगते, ॲक्शन चढते. उन्हाळ्यात उलट: फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोटाला करवतीसारखी लागतात. माझ्या दुसऱ्या गिटारला पहिल्याच होळीनंतर ही दातेरी कड आली. कारागिराला फोटो पाठवला, त्याने विचारलं खोलीत आर्द्रता किती आहे. मीटरवर १९ होती. त्याला वाटलं मी आकडा चुकून लिहिला. टोकं घासून घेतली, त्यानंतर पुन्हा आली नाहीत. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक केसमध्ये टाका, उन्हाळ्यात ओलावा देणारी पाकिटं, पावसाळ्यात सिलिका जेल, आणि गिटार वाजवून झाली की भिंतीवर न टांगता केसमध्ये. भिंतीवरची शोभा थंडीत, नोव्हेंबर ते जानेवारी.

शेवटचं म्हणजे खोकं. दोन्ही खोकी, आतला भरणा, सगळं जपून ठेवा. नेकमध्ये काही निघालं आणि परत पाठवायची वेळ आली तर त्या मापाचं खोकं पुण्यात शोधून मिळत नाही. माझं माळ्यावर आहे. आईने आत्तापर्यंत दोनदा रद्दीवाल्याला जिन्यापर्यंत आणलंय, आणि दोन्ही वेळा मी घरी होतो म्हणून ते वाचलं.